शुक्रवारी दिसलेलं पिल्लू

चारुदत्त निमकर हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये बायको वैभवी आणि दहावीतली मुलगी सृष्टी यांच्यासोबत राहतो, बिलं वेळेवर भरतो, लिफ्टमध्ये कुणी भेटलं की आधी स्वतः हसतो. खोड म्हणाल तर एकच. चार लोकांत कुणी कौतुक केलं की गडी विरघळतो, आणि विरघळला की समोरचा म्हणेल त्याला हो म्हणतो. आता ही काय मोठी खोड, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणायचो.

मुलुंडला असताना तो इमारतींच्या गच्च्यांचे ड्रोनने फोटो काढायचा. अबू धाबीला आल्यावर पर्यावरणाची कामं घेणाऱ्या एका कंपनीने त्याला थेट समुद्रावर धाडलं. तिथे उथळ पाण्याखाली समुद्रगवताची कुरणं आहेत आणि त्यांत समुद्रगायी चरतात. समुद्रगाय म्हणजे मासा नव्हे हं. बैलाएवढ्या अंगाचं, गुबगुबीत, गरीब जनावर. श्वास घ्यायला वर येतं, पुन्हा खाली जाऊन गवत ओढत बसतं. मादी काही वर्षांतून एकदा विते, तेही एकच पिल्लू, आणि ते पिल्लू वर्षभराच्या वर आईच्या कुशीला चिकटून दूध पितं. पूर्वी जाळ्यांत अडकून कितीतरी बुडून मेल्या. मग त्या पट्ट्यात जाळ्यांना बंदी आली, बाहेरच्या बोटींनाही बंदी आली. आता कळप सावरतोय का, हे बघायचं काम या कंपनीकडे होतं.

नुसत्या किती दिसल्या याला अर्थ नसतो. किती आयांच्या अंगाशी पिल्लू आहे, त्यावर सगळं. चारुदत्त बोटीतून ड्रोन उडवायचा आणि मग ऑफिसात स्क्रीनसमोर बसून एकेक आई-पिल्लाची जोडी खूण करून टिपायचा. नवी जोडी सापडली की घरी येऊन बूट काढता काढता सांगायचा, "आज एक बाळंतीण सापडली!"

"बाबा, यू आर सो वीअर्ड," असं सृष्टी म्हणायची. पण तिच्या मैत्रिणींना तीच हौसेने सांगायची की माझे बाबा समुद्रगायींची बाळं मोजतात.

आता गणपतीचं. परदेशात गणपती बसवणाऱ्यांचं एक दुखणं असतं, ते विसर्जनाच्या दिवशी वर येतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्यात काही सोडायची सोय नाही. कायदा म्हणजे कायदा. मग बाल्कनीत नवी कोरी बादली ठेवायची, पाण्यात चार पाकळ्या टाकायच्या आणि बाप्पाला तिच्यात बसवायचं. शाडूची मूर्ती असेल तर विरघळते, माती तुळशीला जाते. प्लास्टरची असेल तर बाप्पा तीन दिवस बादलीत तसेच बसून राहतात आणि कामवाली विचारते, "मॅडम, इनको कब निकालेंगे?" काय उत्तर द्यायचं तिला?

इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये हाच विषय निघाला. मंडळाच्या सेक्रेटरी सुहासिनीताईंनी उसासा टाकला. "आमचे बाप्पा बादलीत, आणि आमच्या चारुदत्तचं ऑफिसच समुद्रात! नशीब लागतं बाई."

सगळ्यांनी चारुदत्तकडे पाहिलं. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो ताई, पाचव्या दिवशी माझा सर्व्हे आहेच," तो म्हणाला. "आमचा बाप्पा यंदा समुद्रातच जाणार." तोंडातून वाक्य बाहेर पडेपर्यंत असं काही त्याच्या डोक्यातही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, मग आमचाही न्या की! दुसरं म्हणालं, आमचाही. असं करता करता सहा मूर्ती ठरल्या, आणि हा प्रत्येकाला "हो, त्यात काय" म्हणत गेला.

घरी आल्यावर वैभवीने विचारलं, "परवानगी आहे का तुला?"

"अगं, समुद्र केवढा मोठा आहे!"

"मी परवानगीचं विचारलं. समुद्राचं माप नाही विचारलं."

त्यावर तो आंघोळीला निघून गेला.

पाचव्या दिवशी सकाळी उत्तरपूजा उरकून लोक बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मूर्ती घेऊन आले. सुहासिनीताईंची मूर्ती लाल कापडात गुंडाळलेली होती. तिच्या गळ्यात सोनेरी झगमगीत माळ होती, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली, मधोमध ॐचं पदक. "दीडशे दिरहमची आहे रे, म्हणजे साडेतीन हजार झाले की," त्या म्हणाल्या. "पण काढू नकोस हं. माझा बाप्पा सजून जाऊ दे." चारुदत्त हो म्हणाला. बाकीच्या मूर्तींवरच्या माळा, मखराचे कपटे त्याने काढले, पण ही एक तशीच राहू दिली. सगळे बाप्पा मोठ्या आइसबॉक्समध्ये बसले.

बोट बदरुद्दीनची. म्हणजे मालकी कंपनीची, पण कॅप्टन बदरुद्दीन. मूळचा हर्णैचा, कोकणी मुसलमान, साठीला टेकलेला. त्या पट्ट्यातलं पाणी त्याच्या इतकं ओळखीचं होतं की समुद्रगायी घाबरू नयेत म्हणून इंजिन कुठे मंद करायचं हे त्याला सांगावं लागत नसे. चारुदत्त त्याच्याहून बराच लहान, तरी त्याला तो "चारूशेठ" म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

चारुदत्तने झाकण उघडून दाखवलं, तेव्हा तो बघतच राहिला. "या अल्ला! सहा-सहा?"

"पाच मिनिटांचं काम आहे, बदरुभाई."

"मला ह्यात नवीन काय नाही हो. आमच्या हर्णैला विसर्जनाची होडी आमच्याच घरची असायची. पण इथं मनाई आहे, चारूशेठ. कळलं तर कॅप्टन म्हणून मान माझी जाईल." त्याने मूर्तींकडे पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. "आता आणल्याच आहेत तर परत कशा न्यायच्या? माती आहे ना सगळी? प्लास्टिक-बिस्टिक, माळा-बिळा काढल्यात?"

"हो हो, सगळं काढलंय," चारुदत्त म्हणाला.

बदरुद्दीनने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. चारुदत्तने एकेक मूर्ती पाण्यात सोडली. लाल कापडातली मूर्ती त्याने शेवटी, बदरुद्दीनकडे पाठ करून सोडली. हळूच म्हणाला, "गणपती बाप्पा..." आणि मागून बदरुद्दीनच्या तोंडून सवयीने निघालं, "मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!" दोघंही हसले. त्या संध्याकाळी मंडळात चारुदत्तला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी राहिलं.

नंतर तीनेक आठवडे गेले. एका शुक्रवारी तो ऑफिसात आदल्या दिवशीचे फोटो बघत बसला होता. शुक्रवार म्हणजे अर्धा दिवस, लोक जेवणाआधीच पांगायला लागतात. फोटोत एक आई दिसली, पिल्लू अंगाशी. त्याने खूण केली. मग काहीतरी चमकलं म्हणून फोटो मोठा केला.

पिल्लाच्या तोंडाभोवती आणि एका वल्ह्यासारख्या पराभोवती सोनेरी दोरा गुंडाळला गेला होता. आणखी मोठा केला. मधोमध ॐचं पदक.

 तोंडाला दोरा आवळलेला, म्हणजे पिल्लाला दूध ओढता येत नसणार, हे कळायला चारुदत्तला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. असं काही दिसलं तर काय करायचं तेही त्याला ठाऊक होतं. त्याची बॉस डॉक्टर अलिना बाजूच्या केबिनमध्येच होती. कराचीत जन्मलेली, ऑस्ट्रेलियात शिकलेली, तोंडाने फटकळ पण मनाची सरळ बाई. तिला सांगायचं, ती फोन करणार, सुटका करणारी माणसं तासाभरात निघणार. अडकलेलं पिल्लू सोडवायला त्यांना कितीसा वेळ लागतो?

तो उठला. दारापर्यंत गेला आणि परत येऊन खुर्चीत बसला.

कारण पहिला प्रश्न येणार, ही माळ आली कुठून? त्या पट्ट्यात यांच्या एका बोटीशिवाय कुणी जात नाही. मग नोकरी. मग व्हिसा. मग सृष्टीची बोर्डाची परीक्षा. मग सुहासिनीताई, मंडळ, मुलुंडचे नातेवाईक. हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्याने स्वतःची समजूत घातली, आपोआप सुटेलही. सोमवारी बघू. आणि त्याने लॅपटॉप मिटला. अरे, मिटवतोस कसा! पण मिटला.

शनिवारी त्याने सृष्टीला ट्यूशनला सोडलं. रविवारी दसऱ्याच्या कार्यक्रमाची मीटिंग होती, तिथे सुहासिनीताईंनी त्याच्या ताटात आग्रहाने दोन करंज्या जास्त वाढल्या. "आमच्या बाप्पाला समुद्र दाखवलास रे!" त्याने त्या तशाच ताटात ठेवल्या.

सोमवारी सकाळी, आत्ताच दिसलंय असा चेहरा करून, तो फोटो घेऊन अलिनाच्या केबिनमध्ये गेला. ती ताडकन उठली. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला करत सगळे बोटीवर गेले. बदरुद्दीनने बोट एरवी कधी पळवत नाही तशी पळवली.

आई सापडली. पिल्लू तिच्यापुढे पाण्यावर तरंगत होतं आणि ती त्याला खालून नाकाडाने वर ढकलत होती, श्वास घ्यायला. ते बाजूला कलंडलं की पुन्हा ढकलत होती. ते केव्हाच मेलं होतं. तिला बाजूला व्हायला किती वेळ लागला ते सांगत नाही, सांगवत नाही.

अलिनाने स्वतःच्या हाताने दोरा सोडवला आणि ओलं पदक तळहातावर धरलं. बदरुद्दीनने ते पाहिलं. मग त्याने चारुदत्तकडे पाहिलं. 

दुपारी अलिनाने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "वहाँ सिर्फ हमारी बोट जाती है," ती म्हणाली. "ये किसने डाला?"

 बदरुद्दीन वाट बघत होता. सरळ चारुदत्तच्या तोंडाकडे बघत, आता बोलेल, आता बोलेल म्हणून थांबला होता. आणि हा टेबलावरच्या पेन स्टँडकडे बघत मूग गिळून बसला. मनात वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत येत होतं, आणि तिथून परत जात होतं. शेवटी बदरुद्दीनच म्हणाला, "मॅडम, बोट मेरी, जिम्मेदारी मेरी."

"यानी तुमने डाला?"

"बोट मेरी थी, मॅडम," एवढंच तो पुन्हा म्हणाला.

त्याच दिवशी त्याच्याकडून बोट काढून घेतली. महिनाअखेर व्हिसा रद्द करून हर्णैला परत, असं ठरलं.

पार्किंगमध्ये चारुदत्त त्याच्या मागे धावला. "बदरुभाई, बदरुभाई, मी..."

बदरुद्दीन थांबला. "नाव नाय घेतलं तुझं, ते तुझ्यासाठी नाय. होडी मी थांबवली होती. पण माळा काढल्यात का म्हणून मी विचारलं होतं, आणि तू हो म्हणालास. मला वाटलं, आता तरी हा बोलेल." आजवर त्याने चारुदत्तला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या "तू"ने चारुदत्तच्या कानशिलांत आग झाली, आणि ती रात्रभर गेली नाही.

वैभवीपासून काय लपणार? तिने ताट समोर ठेवलं आणि विचारलं, "काय झालंय?" त्याने माळेचं सांगितलं, बदरुद्दीनचं सांगितलं. शुक्रवारचं मात्र सांगितलं नाही. तिने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "उद्या जाऊन खरं सांग. नोकरी गेली तर जाऊ मुलुंडला, उपाशी नाही मरणार. पण तुझ्या चुकीपायी दुसऱ्या माणसाला घरी पाठवून मी इथे राहणार नाही. मला लाज वाटते चारू."

सृष्टी दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. "बाबा, यू हॅव टु टेल देम," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तो गेला, हे खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी अलिनासमोर उभा राहून त्याने सांगितलं की मूर्ती माझ्या, माळ माझ्यामुळे पडली, बदरुद्दीनला मी खोटं सांगितलं होतं. अलिनाचा चेहरा लाल झाला. तिने त्याला असं काही झाडलं की बाहेरची माणसं टायपिंग करायची थांबली. मग ती खुर्चीत टेकून बसली आणि म्हणाली, "लेकिन तुम खुद आये. ये कम लोग करते हैं. और सोमवार को फोटो दिखते ही तुम भागते हुए मेरे पास आये, ये भी मुझे याद है."

इथे सांगायचं होतं. इथेच! दार उघडं होतं, बाई ऐकत होती, जायचं ते सगळं जायला बसलंच होतं. पण शाबासकी मिळाली, आणि चारुदत्त विरघळला. तो म्हणाला, "यस मॅम."

अलिनाने शब्द टाकला आणि बदरुद्दीनला बोट परत मिळाली. चारुदत्तला तंबी मिळाली आणि तीन महिने समुद्रावर जायची बंदी. नोकरी वाचली. बातमी मंडळात पोचलीच. सुहासिनीताई रडल्या, माझ्याच हौसेने झालं म्हणाल्या. दसऱ्याच्या कार्यक्रमात त्यांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की यापुढे सगळ्यांचे बाप्पा शाडूचे आणि विसर्जन बादलीत. वर म्हणाल्या, "चूक सगळ्यांकडून होते. पण आमच्या चारुदत्तसारखं ती कबूल करायला छाती लागते." हॉलभर टाळ्या. चारुदत्तला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. लोकांना वाटलं, किती विनयशील माणूस! बाजूला बसलेल्या वैभवीने त्याचा हात दाबला. तो हात त्याला सोडवून घ्यावासा वाटला.

तीन महिने त्याने ऑफिसात फोटो टिपले. ती आई त्याला अधूनमधून दिसायची. पाठीवर जुन्या जखमेचा पांढरा ओरखडा होता तिच्या, त्यावरून तो ओळखायचा. त्याला तिच्यापुढे "एकटी" अशी खूण करावी लागायची. घरी येऊन बाळंतिणींच्या गोष्टी सांगणं त्याने बंद केलं. सृष्टीने एकदा विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाला.

बंदी संपली आणि तो पुन्हा बोटीवर गेला. बदरुद्दीनने धक्क्यावरच त्याला मिठी मारली. "या, चारूशेठ! मर्दासारखं बोललात. माझ्या घरी बायकोलाही सांगितलं मी, माणूस उशिरा बोलला पण बोलला." अहो-जाहो परत आलं होतं. चारुदत्त नुसता मान हलवत राहिला.

पट्ट्यात पोचल्यावर त्याने ड्रोन सोडला. थोड्या वेळाने बोटीपासून जवळच ती वर आली. पांढरा ओरखडा, भोवती कुणी नाही. फुस्सकन श्वास घेतला आणि खाली गेली.

"हीच ना ती?" बदरुद्दीनने विचारलं.

"हीच."

"बिचारी." तो म्हणाला. "चारूशेठ, मनात येतं म्हणून विचारतो. तो फोटो दोन दिवस आधी दिसला असता, तर पोर वाचलं असतं का हो?"

 नाही म्हणणं सोपं होतं. कुणास ठाऊक म्हणणं तर त्याहून सोपं. पण ज्या माणसाने आपल्यासाठी टोपी काढून "मोरया" म्हटलं, जो घरी बायकोपाशी आपली तारीफ करतो, त्याला आणखी किती फसवायचं? त्याला स्वतःची किळस आली.

"शुक्रवारी दिसला होता," तो म्हणाला.

बदरुद्दीनला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"मला. शुक्रवारी दुपारी. मी लॅपटॉप मिटला आणि घरी गेलो. कुणालाच सांगितलं नाही. वैभवीलाही नाही."

बदरुद्दीनने इंजिन बंद केलं. चारुदत्त मान खाली घालून उभा राहिला. शिव्या दे, थोबाडीत मार, काहीतरी कर, असं त्याला वाटत होतं. पण बदरुद्दीन ओरडला नाही. तो पाण्याकडे बघत राहिला, आणि मग शांतपणे, नीट समजावून सांगावं तसा बोलला.

"शुक्रवारी मी धक्क्यावरच होतो रे. जुम्म्याची नमाज पढून आलो आणि संध्याकाळपर्यंत होडी धूत बसलो. टाकी भरलेली होती. मॅडमना नसतं सांगायचंस, कुणालाच नसतं सांगायचंस. मला नुसता एक फोन करायचास. आपण दोघं गेलो असतो, दोरा कापला असता आणि गुपचूप परत आलो असतो. कुणाला कळलं असतं?"

 त्या तीन दिवसांत चारुदत्तने नोकरीचा विचार केला होता, व्हिसाचा केला होता, परीक्षेचा, मंडळाचा, मुलुंडचा, सगळ्यांचा केला होता. सरळ उठावं, जावं आणि दोरा कापावा, हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.